केंद्राच्या गावातून

नागपूरच्या विधानभवनापासून जवळच, वाहत्या रस्त्याच्या कडेला, वालुकाश्माचा एक खांब आणि चार घोडे उभे आहेत. हा शून्य मैलाचा दगड. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ सालची प्रमाण खूण येथे आहे. या गावातल्या प्रत्येक पोराला तो एकदा तरी दाखवला जातो आणि देशाचा मध्य आपल्याकडे आहे हे त्याच्या मनात कायमचे बसते. माझ्याही मनात ते तसेच बसले. म्हणून वितरित संगणनावरच्या या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा पहिला विचार त्या दगडाचाच आला. कारण या पुस्तकातल्या प्रत्येक लेखाचा विषय आहे केंद्र नसलेली यंत्रणा. तिचे भाग मोडतात, संपर्क तुटतात, बातम्या उशिरा पोचतात, आणि तरीही ती आपले काम पुढे नेते.

मध्यावर असण्याचा फायदा काय असतो, हे नागपूरने फार चांगले पाहिले आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहराकडे परत फिरत. रात्री टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या टोकाच्या महानगरात पोचे. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. नागपूर मध्ये घेतले की चारात भागते. ही सेवा १९७३ पर्यंत चालली, आणि तिच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एका शहराचे विमान उशिरा निघाले तर उरलेल्या तिघांनी थांबायचे की त्याचे टपाल मागे ठेवून निघायचे? सोनेगाववर धुके उतरले तर? चारही शहरांमधले हवामान उत्तम असूनही त्या रात्री एकाचेही पत्र दुसऱ्याला मिळणार नाही. सगळे दोर एका खुंटीला बांधले की सोय होते, आणि सगळ्यांचे नशीबही त्याच खुंटीला बांधले जाते.

अमेरिकेतल्या रँड संस्थेत पॉल बॅरन याने १९६४ मध्ये हाच प्रश्न दळणवळणाच्या जाळ्यांबद्दल विचारला. जाळ्याचा बराचसा भाग एका हल्ल्यात नष्ट झाला तर उरलेले भाग एकमेकांशी बोलू शकतील का? त्याचे उत्तर होते की मध्यवर्ती ठाणे नको. प्रत्येक ठाणे आजूबाजूच्या तीन-चार ठाण्यांना जोडलेले असावे, संदेशाचे छोटे तुकडे करावेत, आणि पुढची वाट कोणती हे प्रत्येक ठाण्याने जागच्या जागी ठरवावे. जोडणी थोडीशीच वाढवली तरी जाळे कितीतरी अधिक चिवट होते, हे त्याने आकडेमोडीने दाखवले. १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या आर्पानेटमध्ये आणि पुढे इंटरनेटमध्ये हा विचार रुजला.

या पुस्तकात वारंवार येणारा 'चिवट' हा शब्द मी मुद्दाम इथे वापरला आहे. भक्कम आणि चिवट यांत फरक आहे. भक्कम वस्तू सहसा मोडत नाही, पण मोडली की संपते. चिवट वस्तूचा काही भाग मोडणार हे धरूनच ती घडवलेली असते. संगणकांच्या बाबतीत भक्कमपणावर विसंबण्याची सोय फार पूर्वीच संपली. एखादा सर्व्हर सरासरी पाच वर्षांतून एकदा बिघडतो असे समजू. घरात असा एक असेल तर काळजीचे कारण नाही. पण एका दालनात असे अठराशे सर्व्हर असतील, तर पाच वर्षांचे साधारण अठराशे पंचवीस दिवस होतात, म्हणजे सरासरी रोज एक बिघाड. इथे बिघाड रोजच्या कामाचाच एक भाग झालेला असतो. रोजच होणाऱ्या गोष्टीसाठी रात्री कुणाला तरी उठवून आणायचे, ही व्यवस्था टिकणार नाही. यंत्रणेने स्वतःच ओळखायला हवे, वाट काढायला हवी आणि सावरायला हवे. एड्सगर डाइक्स्ट्रा याने १९७४ मध्येच अशा यंत्रणांची कल्पना मांडली होती. कोणत्याही बिघडलेल्या अवस्थेतून सुरुवात केली तरी प्रत्येक भाग फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून वागत राहील आणि शेवटी सगळी यंत्रणा योग्य अवस्थेत येईल, अशी ती कल्पना होती.

ऐकायला हे सोपे वाटते. अडचण कुठे आहे, ते मला एका पावसाने शिकवले. वर्गात इतकी वर्षे शिकवूनही ते इतके स्पष्ट दिसले नव्हते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला, आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच घरांत पाणी शिरले. माझी धाकटी बहीण अशाच एका वस्तीत राहते. सकाळी माझ्या फोनवर तिच्या शेजाऱ्यांच्या नंबरवरून संदेश आला, "ताई, पाणी उतरलं, आम्ही ठीक आहोत." मी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर तासाभराने तिच्या स्वतःच्या नंबरवरून संदेश आला, "ताई, पाणी घरात शिरतंय, लाइट गेली." मी पुरती घाबरले. पुन्हा पूर आला का? फोन लागत नव्हता. खरे म्हणजे हा दुसरा संदेश पहाटेचा होता. नेटवर्क नसल्यामुळे तो तिच्या फोनमध्येच अडकून पडला होता आणि मागाहून पोचला. दोन्ही संदेश खरे होते. पोचण्याचा क्रम तेवढा खोटा होता.

लेस्ली लॅम्पोर्ट याचा १९७८ चा प्रसिद्ध शोधनिबंध नेमका याच ठिकाणी सुरू होतो. दूरदूरच्या यंत्रांना सामायिक घड्याळ नसते, प्रत्येकाची स्वतःची घड्याळे असली तरी त्यांच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत. मग आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवायचे कसे? लॅम्पोर्टने सांगितले की घड्याळातला काटा बाजूला ठेवा आणि कारणाचा धागा धरा. संदेश पाठवणे हे तो मिळण्याच्या आधीच घडलेले असते. एकाच यंत्रावरच्या दोन घटनांना त्यांचा क्रम असतो. या दोन गोष्टींवरून प्रत्येक यंत्राला एक वाढता क्रमांक चालवता येतो आणि प्रत्येक संदेशावर तो लिहून पाठवता येतो. ज्या घटनांमध्ये असा कोणताही धागा नाही, त्यांत आधीची कोणती हे घटना आतून पाहणाऱ्यांना ठरवता येत नाही. तिथे सगळ्यांनी मिळून एक क्रम मान्य करावा लागतो. संगणकशास्त्रातला हा निबंध मला काळाविषयीचे चिंतन वाटतो. त्याच्या लेखकाला २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या सकाळी मी आणखी एका प्रश्नाशी झगडत होते. बहिणीचा फोन लागत नव्हता. याचा अर्थ काय घ्यायचा? फोनची बॅटरी संपली, टॉवर बंद पडला, की काही वाईट झाले? दूर बसलेल्याला या तिन्हींचा एकच आवाज ऐकू येतो, आणि तो म्हणजे शांतता. वितरित यंत्रणेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. गप्प झालेले यंत्र मेले आहे की नुसते मंदावले आहे, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. वाट किती वेळ पाहायची, याची मर्यादा आपण ठरवतो. मर्यादा लहान ठेवली तर जिवंताला मेलेला ठरवतो. मोठी ठेवली तर मेलेल्याची वाट पाहत बसतो.

चुकीचा संशय किती महाग पडतो, हे या देशाने २०१२ मध्ये अनुभवले. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उत्तरेची वीजजाळी कोसळली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही विभागांच्या जाळ्या एकापाठोपाठ गेल्या. सुमारे ४८,००० मेगावॉटचा भार क्षणात नाहीसा झाला, आणि ज्या राज्यांतली वीज गेली तिथे देशाची निम्मी लोकसंख्या राहत होती. दोन्ही वेळा सुरुवात बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीपासून झाली. त्या वाहिनीवर शॉर्टसर्किट झालेले नव्हते. शेजारच्या काही वाहिन्या बंद असल्यामुळे तिच्यावर अतोनात भार आला होता. संरक्षक रिलेला तो भार दोषासारखा दिसला आणि त्याने वाहिनी तोडली. तिचा भार दुसऱ्यांवर गेला, त्याही तुटल्या, आणि साखळी सुरू झाली. प्रत्येक रिलेने आपापल्या जागी नेमून दिलेले कर्तव्यच केले. सगळ्यांच्या कर्तव्याची बेरीज मात्र अंधार झाली.

आम्ही नागपूरकर त्या दुपारी पश्चिम विभागात होतो. आपली जाळी बाकीच्यांपासून अलग झाली आणि टिकली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथली केंद्रे चालू राहिली. या घटनेकडे मी नेहमी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधते, कारण तिच्यात दोन धडे एकत्र आहेत. जोडलेले असण्यामुळे आपण एकमेकांना सांभाळतो, आणि जोडलेले असण्यामुळेच एकमेकांना खाली ओढतो. म्हणून चिवट यंत्रणेला योग्य वेळी जोड सोडता यावी लागते आणि नंतर ती नीट पुन्हा बांधताही यावी लागते. संगणकांच्या सेवांमध्ये आज हेच तत्त्व वापरतात. समोरची सेवा सतत अपयशी ठरू लागली की काही काळ तिच्याकडे मागणी पाठवणे थांबवायचे, आणि मधूनमधून एखादी मागणी पाठवून ती सावरली का ते पाहायचे. या उपायाला इंजिनिअर मंडळी घरच्या फ्यूजबोर्डावरचेच नाव देतात, सर्किट ब्रेकर.

केंद्र नाही, घड्याळ नाही, कोण जिवंत आहे याची खात्री नाही. मग निर्णय घ्यायचा कसा? याचे एक उत्तर आपल्या ग्रामसभेच्या नियमात आहे. गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही. पाच यंत्रांवर एकाच नोंदीच्या प्रती ठेवल्या आणि किमान तिघांची संमती मिळाल्यावरच बदल पक्का धरला, तर दोन यंत्रे बंद पडली तरी काम चालते. या तीनच्या आकड्यात एक सुंदर गणित आहे. पाचांतले कोणतेही तीन घ्या आणि पुन्हा कोणतेही तीन घ्या, दोन्ही गटांत किमान एक जण सामायिक असतोच. त्यामुळे काल काय ठरले हे माहीत असलेला कुणीतरी आजच्या बैठकीत नक्की हजर असतो आणि परस्परविरोधी दोन ठराव पक्के होऊ शकत नाहीत. लॅम्पोर्टची पॅक्सॉस पद्धत आणि २०१४ मध्ये आलेली, शिकायला सोपी अशी राफ्ट पद्धत या दोन्हींचा पाया हाच आहे.

या उत्तरालाही मर्यादा आहे आणि ती सिद्ध झालेली आहे. संदेशाला किती वेळ लागेल याची कोणतीच हमी नसेल आणि एकच यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तरीही एकमत नक्की होईलच असे वचन देणारी कोणतीही ठरावीक पद्धत असू शकत नाही, असे फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. सदस्य खोटे बोलत असतील तर गणपूर्ती आणखी मोठी लागते. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांच्या १९८२ च्या निबंधात अशा सदस्यांना सेनापती म्हटले आहे; त्याप्रमाणे, केवळ तोंडी निरोपांवर विसंबायचे असेल तर एका फितुराला पुरून उरण्यासाठी किमान चार सेनापती लागतात, तीन पुरत नाहीत. तरुण वाचकांनी या अशक्यतेच्या सिद्धांतांनी खचून जाऊ नये. कशाचे वचन देता येत नाही हे कळले, की कशाचे देता येते तिकडे लक्ष वळते. प्रत्यक्षातल्या यंत्रणा वेळमर्यादा वापरतात, थोडा यादृच्छिकपणा वापरतात, आणि आणीबाणीत निर्णयाला उशीर झाला तरी चालेल पण चुकीचा निर्णय नको, असे आधीच ठरवून ठेवतात.

असे 'आधीच ठरवून ठेवणे' हे या विषयाचे हृदय आहे असे मी मानते. ते समजून घ्यायला आपण नागपूरहून दक्षिणेकडे, गडचिरोली जिल्ह्यात जाऊ. भामरागडजवळ पर्लकोटा नदी आहे. पावसाळ्यात तिचे पाणी पुलावर चढले की गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा गावातल्या एका आरोग्यसेविकेची कल्पना करा. तिच्या टॅबवर गरोदर बायांच्या नोंदी आहेत. नेटवर्क गेलेले आहे. समोर बाई बसली आहे, तिचा रक्तदाब घेतला आहे. टॅबने काय करावे? मुख्य सर्व्हरशी संपर्क नाही म्हणून नोंद घ्यायला नकार द्यावा, की नोंद घेऊन ठेवावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रतीत काही दिवस ती दिसणार नाही हे स्वीकारावे?

एरिक ब्रूअर याने २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत सांगतो की जाळे दुभंगलेले असताना दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. सगळीकडे एकच ताजी नोंद हवी असेल तर कुणाला तरी थांबावे लागते. सगळ्यांचे काम चालू ठेवायचे असेल तर नोंदी काही काळ वेगवेगळ्या राहणार. यांतले काय निवडायचे हे तंत्रज्ञान सांगत नाही, काम सांगते. रेल्वेच्या आरक्षणात एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये म्हणून एखाद्या खिडकीने काही मिनिटे थांबणे योग्य आहे. रक्तदाबाच्या नोंदीत थांबणे अयोग्य आहे. तिथे दोन ठिकाणी झालेल्या नोंदी नंतर न भांडता एकत्र कशा येतील, याची रचना हवी. दोन सेविकांनी एकाच बाईच्या दोन वेगवेगळ्या भेटी नोंदवल्या असतील तर दोन्ही ठेवायच्या. कुणी कुणाची पुसायची नाही. नोंदींची घडणच अशी करायची की त्या कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी उत्तर एकच येईल. २०११ नंतर या दिशेने झालेले संशोधन मला या शाखेतले सर्वांत माणुसकीचे संशोधन वाटते. दुरावलेल्यांना परत येता येईल अशी जागा ते गणितातच ठेवते.

आता 'जुळवून घेणारी' या दुसऱ्या शब्दाकडे वळू. चिवट यंत्रणा मोडतोड सोसते, जुळवून घेणारी यंत्रणा परिस्थिती पाहून आपली वागणूक बदलते. याचे एक मोठे उदाहरण १९८६ चे आहे. त्या वर्षी लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांच्यामधला संगणकी संपर्क अचानक इतका मंदावला की सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. तार तुटली नव्हती. गर्दी झाली होती, आणि उत्तर येत नाही असे पाहून प्रत्येक यंत्र आपला संदेश पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय असा होता की सुरुवात हळू करा, पोच येत असेल तर वेग जपून वाढवा, आणि संदेश हरवू लागले की तो झटक्यात कमी करा. वरून कुणीही हुकूम देत नाही. प्रत्येक यंत्र आपल्यापुरते पाहते, आवर घालते, आणि सगळ्यांना वाट मिळते. आजही जगातली कोट्यवधी यंत्रे या शिस्तीच्या वंशजांवर चालतात.

हीच गर्दी आपण दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घराघरांत पाहतो. पान उघडत नाही म्हणून मूल पुन्हा बटण दाबते, आई आपल्या फोनवर दाबते, काका पुण्याहून दाबतात. सर्व्हरला पेलवत नाही, म्हणून मागणी वाढते, आणि मागणी वाढते म्हणून पेलवत नाही. सुरुवातीचे कारण निघून गेले तरी हे चक्र स्वतःच्या जोरावर फिरत राहते. उपाय साधा आहे. पुन्हा प्रयत्न करण्याआधी प्रत्येक वेळी दुप्पट थांबा, आणि त्या थांबण्यात थोडा फरक ठेवा, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येणार नाहीत.

जुळवून घेण्याच्या क्षमतेबद्दल मात्र एक इशारा द्यायला हवा. यंत्रणेने स्वतःवर लक्ष ठेवावे, कारण शोधावे, योजना करावी आणि अमलात आणावी, असे चक्र आयबीएमच्या संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात 'स्वायत्त संगणन' या नावाने मांडले. आज त्या चक्रात यंत्रशिक्षणाची भर पडते आहे. पण मोजमाप उशिरा आले आणि उपाय घाईने केला, तर यंत्रणा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला झोके घेऊ लागते. २०१२ चा तो रिलेही परिस्थितीला प्रतिसादच देत होता. म्हणून 'यंत्रणा आपोआप सावरते' असे कुणी सांगितले की माझा पहिला प्रश्न असतो, चुकीचे निदान झाले तर ती काय करते?

आणि प्रती ठेवल्या की आपण सुरक्षित झालो, हा समजही तपासून घ्यावा. एक प्रत शंभरात एकदा बंद असते असे धरले, तर तीन प्रती एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा लाखांत एक येते. हा हिशेब त्या तिघी एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असतील तरच खरा. तिन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील, एकाच नदीकाठी असतील किंवा एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर वापरत असतील, तर त्या तीन नसतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्यतन जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकदम बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यंत्रे जगभर विखुरलेली होती, पण त्यांच्यातला दोष एकच होता. कपाशीच्या एकाच वाणाने सगळे शिवार भरले की बोंडअळी काय करते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विविधता महाग वाटते ती फक्त संकट येईपर्यंत.

हा विषय आपल्यासाठी परका नाही, हे सांगायला मला एका माणसाचा उल्लेख केलाच पाहिजे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी १९४६ मध्ये जन्मलेले विजय भटकर यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ मध्ये पदवी घेतली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि नेतृत्व भटकरांकडे आले. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एक अवाढव्य प्रोसेसर बनवण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. बाजारात मिळणारे लहान ट्रान्सप्युटर त्यांनी एकत्र जोडले. प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती होती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. बॅरनच्या ठाण्यांची आठवण व्हावी अशीच ही रचना. अनेक साध्या भागांना नीट बोलते केले की मोठे काम होते, हा धडा महाराष्ट्राच्या मातीत पस्तीस वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानात तो पुढे चालू राहिला.

तरीही माझे एक मागणे आहे. या शाखेतले बरेचसे प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित दालनांतून आलेले आहेत. तिथे वीज जवळजवळ कधी जात नाही आणि दोन सर्व्हरांमधला निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पोचतो. आपले प्रश्न वेगळे आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापुढे जातो तेव्हा रस्त्याकडेच्या पेटीतले उपकरण कसे वागते? बॅटरी आणि सौर पटलावर चालणारे पाणीपातळीचे मापक पुराच्या रात्री, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, शेजारच्या मापकाशी कसे बोलेल? रेशन दुकानातले यंत्र आठवडाभर एकटे पडले तरी कुणाचेही धान्य अडू नये आणि कुणाच्या नावावर दोनदा उचलही होऊ नये, यासाठी नोंद कशी ठेवायची? हे प्रश्न दुय्यम दर्जाचे नाहीत. दुभंगलेले जाळे हा ज्यांच्यासाठी अपवाद आहे, त्यांच्यापेक्षा ते ज्यांच्यासाठी ऋतू आहे त्यांना या शास्त्राला अधिक काही शिकवता येईल. नागपुरातल्या प्रयोगशाळांमधून असे काम व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि या संग्रहातले तरुण लेखक त्या दिशेने निघालेले पाहून मला फार बरे वाटले.

वाचकांना एक सूचना. या लेखांत गणित आहे, पण ते पाहून कुणी थबकू नये. प्रत्येक लेखात तीन प्रश्न मनाशी धरून वाचा. काय बिघडू शकते असे लेखकाने गृहीत धरले आहे? बिघाड झाल्यावर कोणते वचन पाळले जाईल आणि कोणते सोडले जाईल? आणि ते वचन सोडल्याचा त्रास शेवटी कुणाला होईल? तिसरा प्रश्न शोधनिबंधांत सहसा विचारला जात नाही. तो आपण विचारत राहायला हवा. कोपऱ्यातल्या एका गावाचा संपर्क तुटल्यावर यंत्रणेच्या दृष्टीने जाळ्यातला एक बिंदू, म्हणजे एक नोड, कमी होतो, आणि त्या नोडवर माणसे राहत असतात.

शेवटी पुन्हा त्या दगडाकडे. बरीच वर्षे मी त्याला सत्तेचे चिन्ह समजत होते, सगळ्या वाटा जिथून मोजायच्या ते ठिकाण. सर्वेक्षणाच्या कामाविषयी वाचल्यावर तो वेगळा दिसू लागला. ही उंची मोजण्याची खूण कुणाला हुकूम देत नाही. उंची मोजणारी माणसे ऊन-पावसात आपापल्या वाटेने, एकमेकांपासून दूर काम करत. प्रत्येक मापात थोडी चूक असणार हे त्यांना ठाऊक असे. म्हणून ती फिरून एखाद्या मान्य खुणेवर परत येत, किती फरक पडला ते पाहत, आणि तो फरक सगळ्या टप्प्यांवर वाटून देत. प्रमाण खुणेचे काम एवढेच, की वेगवेगळ्या हातांनी केलेली कामे एकमेकांशी जुळावीत. या पुस्तकातल्या यंत्रणाही हेच करतात. चूक होणार हे धरून त्या निघतात, एकट्या पडल्या तरी काम करतात, आणि परत भेटल्यावर हिशेब जुळवतात. केंद्राच्या गावातून या विषयाला प्रस्तावना लिहिताना आता मला विसंगती वाटत नाही.